डॉक्टर गातात, गाणाऱ्यांनी डॉक्टर का होऊ नये?

ऑक्टोबर २०२४ मध्ये एकाच आठवड्यात वाशीम जिल्ह्याच्या वाट्याला दोन उद्घाटने आली. पाच तारखेला मानोरा तालुक्यातल्या पोहरादेवीत बंजारा विरासत संग्रहालय खुले झाले. ही इमारतच नगाऱ्याच्या आकाराची आहे, आणि त्या भेटीत पंतप्रधानांनी नगारा वाजवलाही. चार दिवसांनी, नऊ तारखेला, राज्यातल्या दहा नव्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांचे दूरदृश्य प्रणालीने उद्घाटन झाले आणि त्या यादीत वाशीमचे नाव होते. एमबीबीएसच्या शंभर जागा. १ जुलै १९९८ रोजी अकोल्यातून वेगळा झालेला आणि पुढे नीती आयोगाच्या आकांक्षित जिल्ह्यांत मोडलेला हा जिल्हा. इतकी वर्षे इथल्या मुलांना एमबीबीएस म्हटले की अकोला, यवतमाळ नाहीतर नागपूर गाठावे लागत होते. आता कॉलेज दारात आले.

पोहरादेवीहून वाशीमला एसटीने जाता येते. नगाऱ्याकडून मेडिकल कॉलेजकडे जाणारा शिक्षणाचा रस्ता मात्र आखलेलाच नाही. तांड्यावर वाढलेली, होळीला लेंगी ही बंजारा गाणी म्हणणारी, पुढे संगीत विषय घेऊन बी.ए. झालेली एखादी मुलगी उद्या म्हणाली की मला डॉक्टर व्हायचंय, तर घरचे, कॉलेजातले सर आणि शेजारचे काका, सगळे एकच उत्तर देतील: "आता काय उपयोग बाई, अकरावीलाच सायन्स घ्यायला पाहिजे होतं."

उलट दिशेची वाहतूक मात्र महाराष्ट्रात भरधाव चालते आणि तिचे कौतुकही होते. डॉ. श्रीराम लागू कान-नाक-घशाचे शल्यविशारद होते. पुण्यात आणि मग टांझानियात व्यवसाय केल्यावर १९६९ मध्ये त्यांनी पूर्णवेळ रंगभूमी धरली आणि पुढच्याच वर्षी ‘नटसम्राट’ उभे केले. आत्मचरित्राला त्यांनी नाव दिले ‘लमाण’. लमाण म्हणजे बंजारा, पोहरादेवीच्या वाचकाला ते नाव वेगळे समजावून सांगायला नको. डॉ. जब्बार पटेल दौंडला बालरोगतज्ज्ञ म्हणून दवाखाना चालवत ‘सामना’ आणि ‘सिंहासन’ करत होते. डॉ. मोहन आगाशे मानसोपचार शिकवत ‘घाशीराम कोतवाल’मधला नाना नाचवत होते. डॉ. अनिल अवचट बासरी वाजवत, चित्रे काढत, आणि १९८६ मध्ये सुरू झालेल्या ‘मुक्तांगण’ व्यसनमुक्ती केंद्रात गाण्याबजावण्याला त्यांनी उपचाराच्या बरोबरीने जागा दिली. ही सगळी पुण्याच्या बी. जे. मेडिकलची मंडळी. दंतवैद्य काशिनाथ घाणेकर आणि वैद्यकीय पदवी घेतलेले सलील कुलकर्णी यांची नावे यात घातली की मराठी रंगभूमी आणि गाण्यातला एक कोपरा डॉक्टरांनीच भरलेला दिसतो.

आता दुसरी यादी करून पाहावी: आधी संगीताची किंवा कलाशाखेची पदवी, मग एमबीबीएस. पेन हातात धरून बसून राहावे लागते. मराठी मुलांत डॉक्टरकीची ऐपत असलेले गाणारे जन्मतच नाहीत, असे कोणी म्हणणार नाही. मग कारण नियमांत शोधायला हवे.

नियम असा आहे. एमबीबीएससाठी ‘नीट’ द्यावी लागते आणि ‘नीट’ला बसायला बारावीच्या पातळीवर भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, जीवशास्त्र किंवा जैवतंत्रज्ञान आणि इंग्रजी हे विषय उत्तीर्ण असावे लागतात. पहिल्या तीन विषयांत मिळून खुल्या प्रवर्गाला ५० टक्के आणि अनुसूचित जाती, जमाती व ओबीसींना ४० टक्के गुण हवेत. पात्रतेच्या संकेतांकांत विज्ञानाच्या पदवीचा उल्लेख सापडतो, बी.ए.चा, बी.म्युझ.चा नाही. संगीत विशारद होण्यात घातलेली वर्षे, एम.ए.चे सुवर्णपदक, आकाशवाणीची श्रेणी, यांतल्या कशानेही गुण वाढत नाही आणि घटतही नाही. गंमत अशी की हेच राज्य दहावीला शास्त्रीय गायन-वादन शिकणाऱ्यांना आणि चित्रकलेच्या ग्रेड परीक्षा दिलेल्यांना वाढीव गुण देते. सोळाव्या वर्षापर्यंत कला ही गुणवत्ता असते, अकरावीच्या प्रवेशाला ती छंद होते.

अलीकडे मात्र दोन बदल झाले आणि ते फारसे कोणाच्या कानावर गेलेले नाहीत. पहिला २०२२ चा. ‘नीट’ला खुल्या प्रवर्गासाठी पंचवीस वर्षे आणि आरक्षितांसाठी तीस वर्षे अशी वयाची अट होती, ती राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने काढून टाकली. आता प्रवेशाच्या वर्षी ३१ डिसेंबरपर्यंत सतरा पूर्ण असावीत, एवढेच. दुसरा बदल २२ नोव्हेंबर २०२३ चा आणि जास्त महत्त्वाचा. बारावी झाल्यानंतर जीवशास्त्रासारखा आवश्यक विषय अतिरिक्त विषय म्हणून उत्तीर्ण झालेल्यांनाही ‘नीट’ देता येईल, असे आयोगाने जाहीर केले. त्याआधी अकरावी-बारावी सलग, नियमित, प्रात्यक्षिकांसह याच विषयांत केलेली असावी, असा आग्रह होता. म्हणजे कलाशाखेच्या पदवीधराला कायद्याने आज दार बंद नाही. आपल्या बोर्डाच्या परीक्षेतही नियमित आणि पुनर्परीक्षार्थींच्या बरोबरीने ‘तुरळक विषय’ घेऊन बसणाऱ्यांचा वर्ग असतोच.

कायद्याने उघडलेल्या या दारापर्यंत जायचे कसे, हा प्रश्न उरतो. बी.ए. झालेल्या मुलीने भौतिकशास्त्र कोणाकडे शिकायचे? बेडकाचे चित्र आणि मिठाचे पृथक्करण कोणत्या प्रयोगशाळेत करायचे? कनिष्ठ महाविद्यालयाच्या वर्गात तिला बसता येत नाही, कारण ती तिथली विद्यार्थिनी नाही. लातूर-नांदेडच्या शिकवण्या सोळा-सतरा वर्षांच्या मुलांसाठी बेतलेल्या, खोलीभाडे आणि मेसचा खर्च वेगळाच. नव्या शैक्षणिक धोरणाने २०२० मध्ये कला आणि विज्ञान यांच्यात कडक भिंती नकोत असे म्हटले, त्याप्रमाणे विद्यापीठांत पदवीच्या मुलांना दुसऱ्या विद्याशाखेतले काही श्रेयांक घ्यावेही लागतात. पण बी.ए. करताना घेतलेला ‘आरोग्य आणि पोषण’सारखा पेपर ‘नीट’च्या पात्रतेत धरला जात नाही. तिथे हवी बारावी, आणि बारावीची भिंत अजून जिथल्या तिथे आहे.

वाशीमच्या बाबतीत ही भिंत जरा जास्तच खटकते. हे गाव म्हणजे वाकाटकांची एक राजधानी, वत्सगुल्म. राजशेखराने ‘काव्यमीमांसे’त काव्यपुरुषाचे साहित्यविद्येशी लग्न लावले ते याच नगरात. अजिंठ्याचे सोळावे लेणे कोरवून घेणारा वराहदेव हा वत्सगुल्मच्या हरिषेण राजाचा मंत्री. आणि अजिंठ्याच्या शिलालेखांचे वाचन एकोणिसाव्या शतकात प्रसिद्ध केले कोणी, तर एका डॉक्टरने! भाऊ दाजी लाड मुंबईच्या एल्फिन्स्टनमध्ये शिकवत असताना बालिकाहत्येवरच्या निबंधाचे बक्षीस मिळवून बसले होते. ग्रँट मेडिकल कॉलेज १८४५ मध्ये निघाले तेव्हा ते वैद्यक शिकायला गेले आणि १८५१ च्या पहिल्या तुकडीत बाहेर पडले. कुष्ठरोगावरचे औषध आणि ताम्रपटावरची अक्षरे, दोन्ही त्यांच्याच टेबलावर असत. (वाकाटकांची एक शाखा वाशीमची होती हे त्यांना कळणे शक्यच नव्हते. तो उलगडा करणारा वाशीमचा ताम्रपट सापडला १९३९ मध्ये.) आजच्या नियमांत भाऊ दाजींना अर्ज करण्याआधी बारावी सायन्सची गुणपत्रिका आणावी लागली असती.

परदेशात हे कसे चालते, यावर इंटरनेटवर भरपूर थापा आहेत. अमेरिकेत संगीताच्या पदवीधरांपैकी ६६ टक्क्यांना मेडिकलला प्रवेश मिळतो, हा आकडा अनेक वर्षे फिरतो आहे. त्याचा पाया कच्चा आहे, तो विसरलेलाच बरा. खरी गोष्ट साधी आहे आणि तीही पुरेशी बोलकी. तिथे मेडिकलला जाण्याआधी चार वर्षांची पदवी लागते, ती कोणत्याही विषयातली चालते, पण रसायन, जीव आणि भौतिकचे ठरावीक पेपर त्याबरोबर केलेले असावे लागतात. व्हायोलिनची पदवी घेणारा विद्यार्थी सकाळी सेंद्रिय रसायनाच्या प्रयोगशाळेत असतो आणि संध्याकाळी रियाजाला. मानविकीच्या पदवीधरांचे प्रवेशाचे प्रमाण जीवशास्त्राच्या पदवीधरांपेक्षा कमी नाही, थोडे जास्तच असते. ब्रिटनमध्ये लंडनच्या सेंट जॉर्जेसने २००० मध्ये कोणत्याही शाखेच्या पदवीधरांसाठी चार वर्षांचा वैद्यकीय अभ्यासक्रम सुरू केला.

सगळ्यात धाडसी प्रयोग न्यूयॉर्कच्या माउंट सायनाय मेडिकल स्कूलने १९८७ मध्ये केला. इतिहास, साहित्य, संगीत शिकणाऱ्या काही मुलांना त्यांनी प्रवेश परीक्षा आणि सेंद्रिय रसायन या दोन्हींतून सूट देऊन घेतले, आणि विज्ञानाची तोंडओळख उन्हाळ्यात करून दिली. ही मुले पुढे कशी निघाली याचा हिशेब २०१० मध्ये प्रसिद्ध झाला. अशा ८५ विद्यार्थ्यांची तुलना नेहमीच्या मार्गाने आलेल्या ६०६ जणांशी केली होती. पहिल्या परवाना परीक्षेत कलाशाखेवाल्यांचे गुण थोडे कमी पडले, आणि वैयक्तिक कारणांनी मध्ये रजा घेणारेही त्यांच्यात जास्त निघाले. एकूण शिक्षणात मात्र ते मागे नव्हते, आणि प्राथमिक आरोग्यसेवा व मानसोपचार या शाखांकडे वळण्याचा कल त्यांच्यात अधिक दिसला. आपल्याला घ्यायचे ते इथून घ्यावे. वाशीमला प्लास्टिक सर्जनची वाण आहे की नाही हा वादाचा विषय असेल. प्राथमिक आरोग्य केंद्रात टिकणारा डॉक्टर आणि मानसोपचारतज्ज्ञ यांची वाण आहे, यावर वाद नाही. शेतकरी आत्महत्यांमुळे २००६ मध्ये पंतप्रधानांचे पॅकेज मिळालेल्या विदर्भातल्या सहा जिल्ह्यांत वाशीम होता. शेतकऱ्यांच्या मानसिक आरोग्यासाठी राज्याने २०१५ मध्ये प्रेरणा प्रकल्प आणला. सोयाबीनचे पैसे बुडालेल्या माणसाच्या तोंडून दोन वाक्ये काढणे, आणि तो गोरमाटीत, म्हणजे बंजारा बोलीत, बोलला तर तीही समजणे, हे काम ‘नीट’च्या १८० प्रश्नांत कुठे मोजले जात नाही.

कलेचा वैद्यकाला उपयोग काय, याचे उत्तर नुसत्या हळुवार भाषेत दिले की शास्त्रवाले हसतात. म्हणून एक अगदी कामाचे उदाहरण. हृदयाचे दोन ठोके सगळ्यांना ठाऊक असतात. आजारात कधी तिसरा ठोका उमटतो, कधी चौथा. तिसरा दुसऱ्याच्या लगेच मागे येतो, चौथा पहिल्याच्या जरा आधी. हा फरक सेकंदाच्या लहानशा अंशाचा असतो, आणि तो लक्षात राहावा म्हणून जगभरच्या मेडिकल कॉलेजांत ‘केंटकी’ आणि ‘टेनेसी’ अशी दोन अमेरिकन राज्यांची नावे घोकतात: एका नावाच्या लयीत तिसरा ठोका बसतो, दुसऱ्याच्या लयीत चौथा. मंगरूळपीरच्या मुलानेही केंटकीच म्हणायचे! ज्याने दोन-तीन वर्षे तबल्यावर दुगुन-तिगुन मोजली आहे, त्याला बोल मात्रेच्या आधी पडला की नंतर, हे सांगायला अमेरिका लागत नाही. शिकाऊ डॉक्टर स्टेथोस्कोपने हृदयाचे नेहमीचे आवाजही नीट ओळखू शकत नाहीत, असे अमेरिकेतल्या एका प्रसिद्ध पाहणीत १९९७ मध्येच दिसले होते. डोळ्यांचेही तसेच. येल विद्यापीठात त्वचारोगाचे प्राध्यापक आयर्विन ब्रेव्हरमन वैद्यकीय विद्यार्थ्यांना चित्रसंग्रहालयात नेऊन एकेका चित्रासमोर उभे करत, दिसते ते सगळे आधी नुसते सांगायला लावत. या मुलांची रुग्ण निरखण्याची नजर सुधारली, असा अभ्यास २००१ मध्ये अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकात आला.

तबलजी म्हणजे आपोआप चांगला डॉक्टर, असा याचा अर्थ कोणी काढू नये. रसायन येत नसेल तर औषधाची मात्रा चुकते, आणि लय तिथे वाचवायला येत नाही. विज्ञान शिकल्याशिवाय डॉक्टर होता कामा नये, हे गृहीतच आहे. ते विज्ञान शिकायची संधी सोळाव्या वर्षी एकदाच का, आणि बाविसाव्या वर्षी का नाही, एवढाच मुद्दा आहे.

उशिरा शिकून मोठे काम केलेली माणसे आपल्या डोळ्यांसमोर आहेत. आल्बर्ट श्वाइट्झर ऑर्गनवादक, बाखवर ग्रंथ लिहिलेला आणि धर्मशास्त्र शिकवणारा माणूस. तिसाव्या वर्षी, १९०५ मध्ये, तो ज्या स्ट्रासबुर्ग विद्यापीठात शिकवत होता तिथेच त्याने वैद्यक शिकायला घेतले, आणि १९१३ मध्ये आफ्रिकेत लांबारेनेला दवाखाना काढला. त्याचा खर्च ऑर्गनच्या मैफलींनीही उचलला. विदर्भाला तर इतके लांब जायचीही गरज नाही. हिंगणघाटात जन्मलेले बाबा आमटे वकील होते, कवी होते, उमेदवारीच्या काळात इंग्रजी सिनेमांची परीक्षणे लिहीत. कुष्ठरोग्यांसाठी काम करायचे ठरवल्यावर त्यांनी कोलकात्याच्या स्कूल ऑफ ट्रॉपिकल मेडिसिनमध्ये जाऊन त्या रोगाचा अभ्यासक्रम केला. कायद्याच्या पदवीधराला तिथे वर्गात बसू दिले गेले आणि वरोऱ्याला आनंदवन उभे राहिले. पुढे त्यांचे डॉक्टर झालेले चिरंजीव विकास आमटे यांनी तिथल्याच अपंग आणि कुष्ठमुक्त कलावंतांचा ‘स्वरानंदवन’ हा वाद्यवृंद काढला. बाबांनी एमबीबीएस केले नाही, ते उपचार करायला शिकले. दोन्हींत फरक आहे. पण ‘तुमची शाखा वेगळी’ म्हणून कोलकात्याने त्यांना परत पाठवले असते तर?

मग ‘नीट’ काढून टाकावी आणि अमेरिकेसारखे निबंध, शिफारसपत्रे आणि मुलाखती आणाव्यात का? इथे मात्र ठाम नकार द्यायला हवा. मुलाखत आली की पुण्या-मुंबईच्या इंग्रजी घरांतली मुले पुढे जातील, आणि रिसोड-मालेगावची मुले दाराबाहेर बसतील. शिफारसपत्रे कशी मिळतात हे सगळ्यांना ठाऊक आहे. उद्या कलेच्या प्रमाणपत्रावर मेडिकलची जागा मिळते म्हटले, तर परवा गल्लोगल्ली विशारदचे क्लास निघतील, आणि त्यांत गाणे सोडून सगळे शिकवले जाईल. खेळाडूंसाठी पंजाब आणि तामिळनाडूत एमबीबीएसच्या काही जागा असतात, त्यावरून कोर्टकचेऱ्याही होतात. सुमारे २२ लाख मुले सव्वा लाखाच्या आसपास जागांसाठी बसतात, तिथे एका गुणाला हजारो रुपयांची किंमत येते. ‘नीट’चे पेपरफुटीचे आणि शिकवण्यांचे दुखणे खरे आहे, तरी ओळख नसलेल्या मुलाला ती ओळख विचारत नाही, आणि ती मराठीतूनही देता येते.

राज्य सरकार मात्र कलाशाखेवर एका ठिकाणी निर्धास्त विश्वास टाकते, आणि ते ठिकाण फार जोखमीचे आहे. एएनएम, म्हणजे गावातली नर्सबाई होण्यासाठी बारावी कला चालते. जीएनएमलाही कोणत्याही शाखेची बारावी चालते. उपकेंद्रात लस टोचणारी, गरोदर बाईचा रक्तदाब पाहणारी, रात्री-अपरात्री बाळंतपणाला धावणारी बाई कलाशाखेची असू शकते आणि त्यात कोणाला काही वावगे दिसत नाही. तीच बाई दहा वर्षांच्या अनुभवानंतर डॉक्टर होऊ म्हणाली, तर तिला बारावीच्या प्रयोगवहीपर्यंत मागे जावे लागते, आणि ती वही लिहायला जागा नसते.

करता येण्यासारखे काम त्यामुळे लहान आणि स्वस्त आहे. राज्य मंडळाने आणि शिक्षण विभागाने प्रत्येक जिल्ह्यात निदान एका अनुदानित कनिष्ठ महाविद्यालयात पदवीधरांसाठी, नर्सताईंसाठी, तुरळक विषय घेऊन बसणाऱ्यांसाठी भौतिक, रसायन आणि जीवशास्त्राचे संध्याकाळचे वर्ग आणि प्रयोगशाळा वर्षभर चालवावी. शुल्क अकरावीइतकेच. वाशीमपासून सुरुवात करायला हरकत नाही. कॉलेज नवे आहे, सवयी अजून पडायच्या आहेत. दुसरी गोष्ट सरकारच्या हातातली. तामिळनाडूने २०२० मध्ये सरकारी शाळांत शिकलेल्या मुलांसाठी मेडिकलच्या साडेसात टक्के जागा ठेवल्या; मुले ‘नीट’ उत्तीर्ण असलीच पाहिजेत, ही अट कायम ठेवून. त्याच धर्तीवर महाराष्ट्राने नव्या दहा कॉलेजांत दोन-तीन जागा कोणत्याही शाखेच्या पदवीधरांना द्याव्यात: ‘नीट’ पात्र, त्याच विभागातले, आणि शिक्षण संपल्यावर जिल्ह्यात काही वर्षे काम करण्याचे बंधपत्र लिहून देणारे. त्यांना गाता येते की नाही हे कोणी तपासू नये. दहा वर्षांनी या मुलांपैकी किती जण जिल्ह्यात टिकले, ते मोजावे आणि पटले नाही तर बंद करावे.

हे होईल तेव्हा होईल. तोवर ज्या पदवीधर मुलामुलींच्या मनात हे आहे, त्यांनी आधी त्या वर्षीची ‘नीट’ची माहितीपुस्तिका मुळातून वाचावी, शिकवणीवाल्याच्या जाहिरातीवर विसंबू नये. अतिरिक्त विषयांची परीक्षा कोणत्या मंडळाची, प्रात्यक्षिके कुठे, हे पैसे भरण्याआधी लेखी विचारून घ्यावे. वर्षांचा हिशेबही कागदावर मांडावा: तयारीची दोन, एमबीबीएसची इंटर्नशिपसह साडेपाच, पुढे पदव्युत्तर तीन. बाविसाव्या वर्षी सुरुवात केली तर तज्ज्ञ होईपर्यंत तिशी ओलांडते, आणि घरात ते चालणार आहे का, हे आजच विचारलेले बरे. ७२० पैकी ३६० गुण जीवशास्त्राचे असतात, आणि कलाशाखेतून येणाऱ्याला तोच विषय सगळ्यात लवकर जमतो. सुरुवात तिथून करावी. भौतिकशास्त्राला मात्र शिक्षक लागतो, तो आधी शोधावा.